दसऱ्याची माळ आणि अडकलेली मोटार

विजयादशमीस वाहन धुऊन, हळदकुंकू वाहून त्यास झेंडूची माळ घालण्याची आपली रीत. आमच्या परिचयातील एका घरी मात्र गतवर्षी ती माळ दारालाच बांधावी लागली. मोटार पोलिसांच्या आवारात उभी होती. चिरंजीवांनी सायलेन्सर बदलून कर्णकर्कश केला होता, काचाही काळ्या केल्या होत्या. वडिलांचा सारा रोष पोलिसांवर!

आम्हांस तो पटला नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 स्पष्ट आहे: नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. 2019 च्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफारास प्रत्येकी 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा आडमुठा नव्हे. मान्यताप्राप्त गॅस-संच वा दिव्यांगांसाठीची सोय रीतसर नोंद करून घेता येते. आणि ज्या यंत्रापुढे आपण रक्षणासाठी हात जोडतो, त्यानेच शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडावी, ही कसली पूजा?

एक तक्रार मात्र रास्त. असे सायलेन्सर उघडपणे विकणारी दुकाने चालूच राहतात आणि रस्त्यावर सापडतो तो गिऱ्हाईक. वाहन ताब्यात घेताना लेखी पोच व आतील वस्तूंची यादी मिळावी, हेही मागणे अवाजवी नाही.

त्या घरी मूळ सायलेन्सर सुदैवाने माळ्यावर होता. तो बसवून, काचा स्वच्छ करून, दंड भरून मोटार दिवाळीच्या पाडव्यास परतली. पूजा त्या दिवशी झाली.