‘पित्त’ आणि पित्ताशय

आपल्याकडे ‘पित्त झालंय’ या दोन शब्दांत पोटाची निम्मी दुखणी बसवली जातात. लग्नाच्या पंगतीनंतर मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ उठली, पाठीपर्यंत गेली, तरी पित्तच! मग कोकम, थंड दूध आणि आम्लपित्ताची गोळी. ही कळ जठराची नसून यकृताला चिकटलेल्या पित्ताशयाची असू शकते. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला की पित्त कोंडतं. साधी कळ काही तासांत ओसरते. सहा तासांहून अधिक टिकली, तर पित्ताशयाला सूज आल्याची शंका घ्यावीच.

अशा वेळी नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘रक्तात काय आलं?’ रक्तात अवयवाचं नाव लिहिलेलं नसतं. पांढऱ्या पेशी दहा-अकरा हजारांच्या वर गेल्या, तर शरीरात कुठेतरी सूज किंवा जंतुसंसर्ग असावा, एवढंच कळतं. अपेंडिक्सनेही त्या वाढतात, न्यूमोनियानेही. ‘सीआरपी’चं तेच. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते सापडलं तेही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. शिवाय ते वाढायला वेळ लागतो. दुखणं सुरू झाल्यावर सहा-आठ तासांनी चढू लागतं, दोन दिवसांच्या सुमारास शिखर गाठतं. दुखू लागल्यावर तासाभरात दिलेलं रक्त ‘नॉर्मल’ येणारच.

खानापूरकडच्या एक आजी आठवतात. सत्तरी ओलांडलेल्या, जुना मधुमेह. ताप नाही, पेशी आठ हजार. मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, रिपोर्ट चांगला आहे, आईला घरी नेऊ का?’ मी बरगडीखाली हात ठेवून आजींना खोल श्वास घ्यायला सांगितलं. अर्ध्यावरच श्वास अडकला. शिकागोचे शल्यविशारद मर्फी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही खूण. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड झालेली, तोंडाशी खडा. म्हातारपणी आणि मधुमेहात रक्त असं गप्प राहू शकतं.

‘टोकियो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गदर्शक सूचना (२००७, सुधारित २०१३ आणि २०१८) याच क्रमाने जातात. पोटावरची खूण आणि तिच्या जोडीला ताप, वाढलेल्या पेशी किंवा लिटरला ३० मिलिग्रॅम वा अधिक सीआरपी असेल, तर संशय. सोनोग्राफीने दुजोरा दिला की निदान पक्कं. पेशी अठरा हजारांवर गेल्या, तर आजार पुढच्या पायरीवर गेला असं समजतात. म्हणजे रक्ताचा खरा उपयोग तीव्रता जोखायला. बिलिरुबिन चढलं तर खडा मुख्य पित्तनलिकेत उतरला का, हे पाहावं लागतं. लायपेज खूप वाढलं तर स्वादुपिंडाचा विचार येतो. आणि वयस्कर माणसाचा ईसीजी आधी काढावा. हृदयविकारही वरच्या पोटात दुखतो.

दवाखान्यात येताना काही खाऊ नका. खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं, सोनोग्राफीत नीट दिसत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं असेल, तर तसं सांगा. तापाची किंवा दुखण्याची गोळी किती वाजता घेतली, तेही चिठ्ठीवर लिहून आणा.