शिरांचा उपचार झाला, तरी पाय का दुखतो?

चोपड्याच्या एका भगिनी विचारतात : पायाच्या फुगलेल्या शिरांवर लेसर उपचार होऊन महिना झाला, तरी पोटरी ओढल्यासारखी वाटते, मांडीत दोरीसारखे टणक लागते. पैसे वाया गेले का?

नाही हो, ताई! बंद केलेली शीर शरीर हळूहळू जिरवते; तोवर काही आठवडे ओढ आणि टणकपणा राहू शकतो. खानदेशच्या उन्हात घट्ट मोजे नकोसे होतात खरे, पण डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस ते घालाच. ओट्यापाशी तासन् तास उभ्या राहू नका. रोज चाला, कारण पोटरीचे स्नायूच रक्त वर ढकलतात. दुपारी पाय उशांवर उंच ठेवून थोडे पडा. घरकाम कुठे पळून जात नाही.

मात्र एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम होऊन ठणकू लागली, तर ती चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखले, तर क्षणभरही थांबू नका.

दोन-तीन महिन्यांनंतरही दुखत असेल, तर पुन्हा डॉप्लर तपासणीचे विचारा. कधी कधी दुखणे शिरेचे नसतेच, कमरेचे किंवा गुडघ्याचे असते. सोसत मात्र राहू नका!