निळी टोपी आणि शांतता कमिटी

गावात आमची घरं जळतात तेव्हा कुणी येत नाही. राख थंड झाली की शांतता कमिटी येते. पेटवणारा खुर्चीवर, जळालेला जमिनीवर, मधे फौजदार. चहा होतो. मग ठराव होतो: दोन्ही बाजूंनी संयम पाळावा.

कुठल्या दोन बाजू रे? एकाच्या हातात रॉकेल, दुसऱ्याच्या अंगावर रॉकेल. याला दोन बाजू म्हणायचं?

मित्रांनो, ही कमिटी फक्त आपल्या तालुक्यात बसत नाही. न्यूयॉर्कलाही बसते. तिथं तिला सुरक्षा परिषद म्हणतात. तिच्या शिपायाच्या डोक्यावर निळी टोपी. रंग आपला, कारभार कमिटीचा.

रवांडा, १९९४. तिथल्या निळ्या टोप्यांचा जनरल दालेर. त्यानं ११ जानेवारीलाच न्यूयॉर्कला कळवलं, की हत्यारं साठवलीत, तुत्सींना संपवायचा बेत आहे, छापा घालू द्या. उत्तर आलं, नको. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. किगालीच्या एका शाळेत बेल्जियमच्या सैनिकांच्या भरवशावर दोनेक हजार माणसं जीव मुठीत धरून बसली होती. ११ एप्रिलला सैनिक निघून गेले. मारेकरी फाटकाबाहेरच उभे होते. पुढचं सांगायला नको. आणि परिषदेनं काय केलं? २१ एप्रिलला अडीच हजारांची फौज २७० वर आणायचा ठराव केला. काम दिलं, दोन्ही पक्षांत मध्यस्थी करा! शंभर दिवसांत आठेक लाख माणसं कापली गेली. अमेरिकेचे साहेब लोक ‘वंशसंहार’ हा शब्द तोंडातून निघू नये म्हणून जीभ चावत होते. शब्द उच्चारला की काहीतरी करावं लागतं ना.

पुढच्या वर्षी स्रेब्रेनित्सा. युनोनंच ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर केलेलं गाव. डच सैनिकांच्या डोळ्यांदेखत बाप्ये आणि पोरं वेगळी काढली. आठेक हजार मुसलमान मारले.

हे आपल्याला नवं आहे का? आम्ही नाशिकरोडचे. काळाराम मंदिर बसच्या एका तिकिटावर. ३ मार्च १९३० ला त्याच्या चारी दरवाजांवर आपली माणसं बसली. दरवाजे बंद, बाहेर पोलीस. बंदोबस्त चोख होता, पण कुणाचा? बसलेल्यांचा नव्हे, बंद दरवाजांचा.

१९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेला मारलं. सरकारनं काय थांबवलं? नामांतर! शांततेसाठी म्हणे. सोळा वर्षं. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले. एसआरपीनं गोळ्या घातल्या, दहा मेले. शांतता राखली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत सुरेखा भोतमांगे आणि तिची तीन पोरं गावानं मिळून मारली. शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. कोर्टाला जात दिसली नाही. तिकडं ‘वंशसंहार’ म्हणायचं नाही, इकडं ‘जात’ म्हणायचं नाही. च्यायला, माणसं मेली कशानं मग? हिवतापानं?

मी खैरलांजी आणि किगाली एका तराजूत घालत नाही. मढी तोलायचा धंदा आपला नाही. बघत उभ्या राहिलेल्यांची जात एक आहे, एवढंच म्हणतो.

युनोचा वंशसंहाराचा करार ९ डिसेंबर १९४८ चा. त्यात राष्ट्र, वंश, वांशिक गट, धर्म एवढेच समूह धरलेत. जात नाही. भारतानं १९५९ ला तो मान्य केला, पण घरच्या कायद्यात हा गुन्हा आजही नाही. २००१ ला डर्बनच्या वंशद्वेषविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न निघाला, तर आपलं सरकार म्हणालं, ही आमची अंतर्गत बाब. बायकोला मारणारा दार लावून हेच म्हणतो.

बाबासाहेबांनी १९४६ सालीच अमेरिकेतल्या काळ्यांचे पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहिलं आणि युनोकडे धाडलेल्या त्यांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांचं गाऱ्हाणंही तिथं न्यायचा विचार होता. म्हणजे जग आपल्याला परकं नाही. किगालीत कोण मेलं, हे बघायचं काम आपलंही आहे.

निळ्या टोप्या नकोतच, असं मी म्हणत नाही. दालेर मूठभर माणसं घेऊन तिथंच राहिला, घानाचे सैनिक राहिले, म्हणून हजारो जीव वाचले. म्हणजे जमत होतं. हुकूम नव्हता. मरणाऱ्याच्या बाजूनं उभं राहा, असा हुकूम द्यायला पाच व्हेटोवाल्यांचं काय जातं? त्यांचं तिथं काही अडकलेलं नसतं, एवढंच.

तेव्हा दोस्तांनो, उद्या कुणी शांततेची सतरंजी अंथरून बोलवायला आला तर लगेच बूड टेकू नका. आधी विचारा, ठरावात मारणाऱ्याचं नाव कुठंय? जात कुठंय? नसेल तर उभ्या उभ्याच परत फिरा, आणि वस्तीत आपली राखण आपण लावा.

जय भीम.