फवारणीची नोंद रक्तातही राहते

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून हातमोजे, मास्क, चष्मा यांवर बरेच बोलले गेले. पण लक्षणे दिसण्याआधी विष अंगात किती भिनले, हे कसे ओळखायचे?

याची खूण रक्तातील प्रथिनांत सापडते. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेट कीडनाशके कोलिनइस्टरेज या प्रथिनाला चिकटून त्याचे काम बंद पाडतात. मग लाळ गळणे, घाम, अंधुक दिसणे, धाप लागणे सुरू होते. साध्या रक्तचाचणीत याची पातळी कळते. मात्र ती मुळातच माणसागणिक वेगळी असते. म्हणून फवारणीनंतरच्या एकाच आकड्यावरून फारसे समजत नाही; तुलना त्याच माणसाच्या हंगामापूर्वीच्या आकड्याशी हवी. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात अशी कीडनाशके नियमित हाताळणाऱ्या कामगारांसाठी ही तपासणी सक्तीची आहे. पातळी मूळच्या ८० टक्क्यांवर आली, की कामाची पद्धत तपासली जाते. तांबड्या पेशींतील पातळी ७० टक्क्यांवर आल्यास कामगाराला त्या कामावरून दूर करतात.

या चाचणीला मर्यादा आहे. ती ऑर्गेनोफॉस्फेट व कार्बामेट गटांपुरतीच चालते. सायपरमेथ्रिन किंवा फिप्रोनिलची बाधा तिच्यात दिसत नाही. इथे प्रोटिओमिक्स, म्हणजे एकाच वेळी शेकडो प्रथिनांचा अभ्यास, उपयोगी पडू शकतो. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र प्रथिनांच्या तुकड्यांचे वजन मोजते. प्रथिनाला चिकटलेला कीडनाशकाचा अंश त्यात पकडता येतो. इतर गटांसाठीही अशा खुणा शोधल्या जात आहेत. मधमाश्या, मासे, गांडुळे यांवरील परिणामही याच पद्धतीने अभ्यासले जातात. पण यंत्र महाग आहे आणि काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

त्याची वाट पाहत बसू नका. कृषी सहायकांनी हंगामापूर्वी आरोग्य केंद्राशी बोलून, नियमित फवारणी करणाऱ्यांच्या कोलिनइस्टरेज तपासणीची सोय कुठे होईल ते पाहावे. रक्त देण्यापूर्वी किमान महिनाभर फवारणी केलेली नसावी. अहवाल जपून ठेवा. त्रास जाणवल्यास चाचणीसाठी थांबू नका. काम बंद करा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि कीडनाशकाच्या बाटलीवरील लेबल घेऊन तडक डॉक्टरांकडे जा.