जनरेटरला मीटर, पाळण्याला रंग

या महिन्याच्या टपालात एका जिल्ह्याच्या गावातल्या पार्कच्या देखभाल अभियंत्याचे पत्र आहे. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, त्याचे कारण पुढे कळेलच. त्यांच्याकडचा कोलंबस, म्हणजे झुलती बोट, सतरा वर्षांचा. पावसाळ्यात पार्क बंद असताना मालकाच्या मागे लागून त्यांनी वरच्या पिना उतरवल्या, आर्मच्या वेल्डवरचा रंग पार धातूपर्यंत खरवडला, वेल्डची मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी आणि पिनांची अल्ट्रासोनिक करून घेतली. एका पिनेत चीर निघाली. पिना जोडीने बदलल्या. नव्या पिनांचे मटेरियल सर्टिफिकेट, तपासणीचे अहवाल, चिरेचा फोटो, सगळे व्यवस्थित लावून फाईल नूतनीकरणाच्या अर्जासोबत दिली.

फाईल परत आली. विहित नमुन्यात अशा अहवालांची तरतूद नाही, हा पहिला शेरा. दुसरा त्याहून भारी. चीर आढळल्याचे अर्जदार स्वतःच लिहितो, त्या अर्थी राइड सदोष होती. तरी गेल्या वर्षी ती कशी चालवली याचा खुलासा करावा, आणि आता ती सुस्थितीत असल्याचे प्रतिज्ञापत्र पाचशेच्या मुद्रांकावर द्यावे. शेजारच्या तालुक्यात त्याच बनावटीचा, त्याच वयाचा दुसरा कोलंबस आहे. तिथे कोणी काही उघडले नाही, निळा रंग मात्र ताजा मारला. त्याचे प्रमाणपत्र पहिल्या हेलपाट्यात हातात पडले. पत्रलेखक विचारतात, पुढच्या वर्षी मी काय करू? त्यांच्या मालकाने उत्तर आधीच दिले आहे: रंग मार.

नमुना आपण सगळ्यांनीच भरलेला आहे, तेव्हा त्याचे वर्णन करत बसत नाही. आसने किती, मोटार किती हॉर्सपॉवरची, अर्थिंग, अग्निशामक, विम्याची मुदत, आणि तळाशी ‘सर्वसाधारण स्थिती’. त्या रकान्यात ‘समाधानकारक’ लिहायचे असते. या एका शब्दाच्या भरवशावर आपण रोज हजारो माणसे उलटी टांगतो. जत्रेत तर पाळणा ट्रकमधून उतरायच्या आधीची तारीख घातलेली प्रमाणपत्रे आम्ही पाहिली आहेत. उभारणीचे प्रमाणपत्र, पण उभारणीच्या आधीचे! तपासायला येणारे साहेब कधी सज्जन असतात, कधी घाईत असतात. पण बहुतेकांनी आयुष्यात रस्त्याचे रोलर आणि पंप पाहिलेले असतात. स्लूइंग रिंगचा बॅकलॅश मोजा म्हटले तर ते आपल्याच फोरमनकडे पाहतात.

या नमुन्यात एक रकाना नाही, आणि आमच्या मते सगळा घोटाळा तिथे आहे. राइड किती तास चालली, हे कोणी विचारत नाही. ‘निर्मितीचे वर्ष’ असते, तेही नेमप्लेटवर असेल ते. पण पोलाद वर्षांनी थकत नाही, फेऱ्यांनी थकते. अमेरिकेच्या एएसटीएम एफ २२९१ या मानकात डिझाइन करणाऱ्याने थकव्याचे गणित ३५,००० चालू तासांवर बसवायचे असते. दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर २,४०० तास होतात. म्हणजे साडेचौदा वर्षांत हिशोब संपला. चढ-उताराचा वेळ वजा करा, आमची राइड शनिवार-रविवारच चालते म्हणा, सगळे मान्य. पण वजाबाकी करायला आधी वरचा आकडा हवा ना? तो आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

आता आपल्याच पार्कच्या मागच्या बाजूला जा, किंवा जत्रेत पाळण्यामागच्या ट्रकपाशी. तिथे जनरेटर उभा असेल. त्याच्या पॅनेलवर तासांचा मीटर असेल, आणि कोणत्याही ऑपरेटरला विचारा, मागचे ऑइल किती तासांवर बदलले हे तो पाठ सांगेल. ज्यात कोणी बसत नाही त्या यंत्राचे तास आपण मोजतो. ज्यात चाळीस पोरे बसतात त्याचे मोजत नाही.

तीस-पस्तीस वर्षे जुन्या राइडा बंदच करा, असे म्हणणारे अधिकारी आणि वर्तमानपत्रवाले अधूनमधून भेटतात. त्यांच्याशी आमचे भांडण आहे. व्हिएन्नाचा रीझनराड १८९७ चा आहे. ब्लॅकपूलला हायरम मॅक्झिमचे उडते विमान १९०४ पासून फिरते आहे. पण रीझनराडची गोष्ट पुरती सांगायला हवी. १९४४ मध्ये तो युद्धात जळाला. पुन्हा उभा केला तेव्हा तीस डबे होते तिथे पंधराच लावले, कारण जुना सांगाडा तेवढाच भार नीट पेलणार होता. धंदा निम्मा करून त्यांनी चाक वाचवले. आपल्याकडे जुन्या टोराटोराला गर्दीच्या दिवशी दोन जादा सीट वेल्ड करून बसवतात. उलट नवेपणही काही कामाचे नाही. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स पार्कची स्माइलर रोलर कोस्टर २०१३ ला सुरू झाली आणि २ जून २०१५ ला दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला. पुढचा ब्लॉक मोकळा नाही असे यंत्रणा सांगत होती. यंत्रणाच चुकली असे समजून माणसांनी तिला डावलले आणि भरलेली गाडी सोडली. कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. लॅप बारच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरला जंपर मारून ‘सीझन संपला की बघू’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

वय आणि हयगय एकत्र आली की काय होते ते ड्रीमवर्ल्डमध्ये दिसले. ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्टवरची थंडर रिव्हर रॅपिड्स १९८६ ची, म्हणजे अपघाताच्या वेळी तीस वर्षांची. २५ ऑक्टोबर २०१६ ला दुपारपर्यंत तिचा एक पंप दोनदा बंद पडला होता. दोन्ही वेळा रिसेट करून राइड सुरू केली. तिसऱ्यांदा पंप पडला, पाणी खाली गेले, उतरण्याच्या जागेजवळ एक रिकामा तराफा रुळांवर टेकला, आणि मागून कन्व्हेयरने माणसांनी भरलेला तराफा आणून त्यावर चढवला. चार जण गेले. पाणी खाली गेले तर कन्व्हेयर आपोआप थांबावा एवढीही सोय तीस वर्षांत कोणी केली नव्हती. कोरोनरच्या चौकशीत कळले की उतरवणाऱ्या मुलीच्या हाताशी एक बटण होते, ज्याने कन्व्हेयर दोन सेकंदांत थांबला असता. ते कशाचे, हे तिला नीट सांगितलेले नव्हते. असेच तराफे २००१ मध्ये आपटले होते. तेव्हा रिकामे होते, म्हणून विषय संपला.

नमुन्यातल्या रकान्यात हे सगळे ‘समाधानकारक’ असते. पंप सुरू आहे का? आहे.

क्वीन्सलंड सरकारने त्यानंतर जो नियम केला तो आम्हाला इथे हवा आहे. मोठ्या राइडांची दर दहा वर्षांनी सखोल तपासणी, महत्त्वाचे भाग सुटे करून, जाणकार माणसाकडून. राइडांच्या सुरक्षेसाठी आयएसओ १७८४२ या मानकाचे तीन भाग तयार आहेत, तिसरा भाग तर तपासणीसाठीच आहे. सरकारला नवे काही लिहायचेही कारण नाही, नमुन्यात त्याचा उल्लेख केला तरी पुरे. पण आमचे सरकारी खाते दोनच अवस्था जाणते. एक झोप. दुसरी दचकून उठणे. अहमदाबादच्या कांकरियाला १४ जुलै २०१९ ला पेंड्युलम राइडचा मुख्य दांडा तुटला, माणसे मेली. पुढे राजकोटच्या गेम झोनला २५ मे २०२४ ला आग लागली, सत्तावीस जण गेले, आणि गुजरातने जी कडक नियमावली आणली तिच्यात जन्माष्टमीच्या पाच दिवसांच्या लोकमेळ्यासाठी फिरत्या पाळण्याखालीही काँक्रीटचा पाया मागितला. मातीची चाचणी मागितली ती बरोबर. आउटरिगरखालची माती खचून पाळणा झुकताना आपण पाहिलेले आहे. पण ज्या राइडचा भार बेसप्लेट आणि स्लीपरवर पसरवण्यासाठीच डिझाइन केलेला आहे, तिला पाच दिवसांसाठी आरसीसी? ते काँक्रीट वाळेपर्यंत मेळा उठतो. गेम झोनला आग लागली म्हणून पाळण्याला पाया, हे तर्कशास्त्र आपल्याकडे यायला वेळ लागणार नाही. सोलापूरच्या गड्ड्याला होम मैदानावर काँक्रीट ओतायला सांगितले की मग आपण निवेदने घेऊन पळू.

पण खात्याला शिव्या देऊन झाल्या असतील तर आपल्या घरात पाहू.

अप्पू घर १९८४ चे, एस्सेलवर्ल्ड १९८९ चे. त्या आणि पुढच्या दहा वर्षांत देशभर पार्के निघाली, राइडा आल्या, त्या एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्या. महानगरातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून जत्रेला. दर खेपेला तीन गोष्टी होतात: जुनी नेमप्लेट ग्राइंडरखाली जाते, नवा रंग चढतो आणि लॉगबुक मागे राहते. जुनी मोटारसायकल घेताना आपण आरसी बुकाशिवाय पैसे देत नाही. वीस लाखांची राइड घेताना दलाल ‘कंडिशन एकदम टॉप’ म्हणतो आणि आपण ट्रक ठरवायला लागतो. ज्या यंत्राचा जन्म, मालक, अपघात, बदललेली बेअरिंगे यातले काहीच माहीत नाही, त्याच्याविषयी साहेबाने ‘समाधानकारक’ लिहिले तर त्याला तरी दोष काय देणार?

ओहायोच्या जत्रेत २६ जुलै २०१७ ला फायर बॉलची गोंडोला सुटली, एक मुलगा गेला. राइड एकोणीस वर्षांची होती. ती बनवणाऱ्या कंपनीने नंतर सांगितले की गोंडोला धरणारा बीम आतून गंजला होता, पत्र्याची जाडी कमी होत गेली होती. आतून. बाहेरून हात फिरवला असता तर रंगच लागला असता. आपल्या बॉक्स सेक्शनांचे निचऱ्याचे भोक रंगाने बुजलेले असते, कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत चार महिने आत पाणी बसते, आणि दिवाळीच्या आधी आपण बाहेरून एनॅमलचा हात देतो. थिकनेस गेज दिवसभरासाठी भाड्याने मिळतो. एनॅमलच्या डब्यांपेक्षा स्वस्त पडतो.

मालक मंडळींचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. नव्या राइडला बँक कर्ज देते, उद्घाटनाला आमदार येतात. स्लूइंग रिंग बदलल्याची फीत कोणी कापत नाही. म्हणून मग भूतबंगल्यातल्या भुताचा हात तीन सीझन लोंबकळत राहतो, धुराचे मशीन बंद असते, गुहेतला धबधबा कोरडा, आणि ‘तात्पुरते बंद’ ही पाटी एवढी जुनी होते की तिचीच रंगरंगोटी करावी लागते. यावर एक सांगतो. प्रेक्षकाला पिनेतली चीर दिसत नाही, पण मेलेले दिवे दिसतात, आणि त्यावरून तो जो अंदाज बांधतो तो बहुधा बरोबर निघतो. ज्या पार्कात विझलेला बल्ब महिनाभर बदलला जात नाही, तिथे होजची तारीख पाहिली जात असेल यावर आमचाही विश्वास नाही. ‘वीस वर्षे फिरतोय, काही झाले नाही’ हे वाक्य या अंकापासून आम्ही छापणार नाही. मुलाखतीत आले तर काढून टाकू.

आणि हे वाक्य बोलणारे राइडमध्ये क्वचितच बसतात. चेन्नईजवळच्या किश्किंटात मे २०१६ मध्ये डिस्को डान्सर ही राइड चाचणीच्या वेळीच कोसळली. त्या वेळी आसनांवर पार्कचेच कामगार होते, आणि त्यातला एक गेला. दुरुस्तीनंतर ‘जरा बसून बघा रे’ म्हणत आपण हेल्परांना बसवतो. वाळूच्या गोण्या कशासाठी असतात?

तेव्हा नमुना बदलेल, रकाना येईल, याची वाट पाहू नका. प्रत्येक राइडच्या ड्राइव्ह पॅनेलला या सीझनच्या आधी तासांचा मीटर लावा. मोटार फिरेल तेव्हाच तो फिरला पाहिजे, मेन स्विचवर नको. आजवरचे तास माहीत नसतील तर तिकिटांच्या हिशोबावरून अंदाज काढा आणि तो अंदाज आहे असे लिहून ठेवा. राइड विकत असाल तर लॉगबुक सोबत द्या. विकत घेत असाल तर त्याशिवाय टोकन देऊ नका, दलाल कितीही जवळचा असो. फिटर मंडळींना वेगळे सांगणे आहे: जंपर कोणी लावायला सांगितला, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहून त्यावर सांगणाऱ्याची सही घ्या. सही मागितली की निम्मे जंपर लागतच नाहीत.

पत्रलेखक अभियंत्यांना आमचे उत्तर असे: चिरेचा फोटो फाईलमधून काढू नका. खुलासा द्या, प्रतिज्ञापत्र द्या, आणि दोन्हीच्या प्रती आम्हाला पाठवा. असे शेरे आणखी कोणाला मिळाले असतील तर तेही पाठवा, नावे गुप्त राहतील. ते सगळे एकत्र बांधून मुंबईला मंत्रालयात घेऊन जायची आमची तयारी आहे, पण सोबत आपापल्या राइडांचे तास घेऊन येणारे चार-पाच मालक हवेत. रिकाम्या हाताने येणाऱ्यांनी येऊ नये, तिथे आम्हाला पहिला प्रश्न तोच विचारतील. लॉगबुकाचा नमुना शेवटच्या पानावर छापला आहे. तास, पिना-बुश, बेअरिंग, होज, सेन्सर, आणि मागच्या मालकाचे नाव, एवढेच रकाने आहेत. पान फाडून घ्या, झेरॉक्स काढायला आमची परवानगी लागत नाही.