शाळेचें दार उघडलें, पण शिक्षक कोठें आहे?

सर्वोच्च न्यायालयास एकच गोष्ट सरकारला पुन्हा पुन्हा सांगावी लागते, तेव्हां दोष कायद्याच्या अपुरेपणांत नसून अंमलबजावणीच्या शैथिल्यांत आहे, असें समजण्यास हरकत नाहीं. अपंग मुलांच्या शिक्षणाच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें आहे. सरकार स्वतः प्रमाण ठरवीपर्यंत प्राथमिक वर्गांत अशा दर १० मुलांमागें व वरच्या वर्गांत दर १५ मुलांमागें एक विशेष शिक्षक असावा, असें न्यायालयानें २०२१ च्या ऑक्टोबरांत फर्माविलें. मध्यवर्ती सरकारनें २०२२ सालीं हेंच प्रमाण शिक्षणहक्काच्या कायद्याच्या परिशिष्टांत घातलें. इतकें होऊनही २०२५ च्या मार्चमध्यें त्याच न्यायालयास 'जागा मंजूर करा व त्या भरा' असें राज्य सरकारांना बजावावें लागलें!

कायदा मात्र कोणत्याही सुधारलेल्या राष्ट्रास शोभेल असा आहे. १९९५ च्या कायद्यानें अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यानें ते २१ केले, आणि स्वमग्नता व वाचन-लेखनांतील विशिष्ट अक्षमता यांचाही त्यांत समावेश केला. ज्यांचें अपंगत्व शेंकडा ४० वा अधिक असल्याचा दाखला मिळतो, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांस जवळच्या शाळेंत, किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेंत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अशा मुलांस १८ वर्षांपर्यंत पुस्तकें व साधनें मोफत पुरवावीं, परीक्षेंत लेखनिक व जादा वेळ द्यावा, आणि दर पांच वर्षांनीं शाळकरी मुलांची पाहणी करून अशीं मुलें हुडकून काढावीं, हेंही त्यांत स्पष्ट लिहिलें आहे.

या शेवटच्या कलमाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. २०११ च्या शिरगणतींत देशांत सुमारें २ कोटी ६८ लक्ष अपंग मोजले गेले. पण त्या गणतींत प्रकार अवघे ८ होते. जो मुलगा चालतो, बोलतो, हिशेब तोंडानें करतो, परंतु ज्याला अक्षरांची संगति लागत नाहीं, त्याची गणना तींत कोठेंच नव्हती. वर्गांत त्याचें नांव 'ढ' पडतें, घरीं त्याला आळशी म्हणतात, आणि कांहीं वर्षांनीं तो शाळा सोडतो. त्याची नोंद झाली नाहीं म्हणजे त्याच्यासाठीं शिक्षकाची जागाही निघत नाहीं. मोजणी टाळणें हा खर्च टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय.

खर्चाची सबब कांहीं नवीन नाहीं. १९११ सालीं नामदार गोखले यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें, तेव्हांही खर्चाची व लोकांच्या अनिच्छेची सबब पुढें करून तें १९१२ सालीं फेंटाळण्यांत आलें. परक्या सरकारच्या तोंडीं जी सबब आम्हांस असह्य वाटली, ती स्वकीय सरकारच्या तोंडीं गोड कशी लागावी?

दुसरा आक्षेप असा कीं, अशा मुलांसाठीं विशेष शाळा आहेतच. मुंबईंत मिस मिलार्ड यांनीं १९०० सालीं अंधांसाठीं शाळा काढली. मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांसाठीं १९४४ सालीं जय वकील यांच्या नांवाची शाळा निघाली. कायदा नव्हता त्या काळीं या संस्थांनीं जो भार उचलला, त्याबद्दल समाज त्यांचा ऋणी आहे. पण तालुक्याच्या गांवच्या बहिऱ्या मुलीला मुंबईच्या शाळेचा काय उपयोग? जेथें एकच रस्ता आहे, तेथें पसंतीचा हक्क कागदावरच राहतो. तिला तिच्याच गांवच्या शाळेंत खुणांची भाषा जाणणारा शिक्षक मिळाला पाहिजे. उतरता रस्ता बांधून चाकाची खुर्ची वर्गांत नेतां येते. ब्रेल लिपि शिकविण्याचें काम दगडविटांनीं होत नाहीं.

आमच्या शहरवासी व व्यापारी वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. त्यांनीं बैठकींत तीन प्रश्न विचारावे: आमच्या शाळेंत अशीं मुलें किती? पाहणी केव्हां झाली? विशेष शिक्षकाच्या जागा किती मंजूर व किती भरलेल्या? उत्तरें लेखी मागावीं. खुर्च्या वांटून फलकावर नांव कोरविणें हें पुण्यकर्म असेल; पण त्यानें दुसऱ्याचें कर्तव्य फिटत नाहीं.

हुंडी एकदां सकारली म्हणजे मुदत भरतांच ती चुकती करावी लागते, हा पेढीचा साधा धर्म आहे. सरकारनें २०१६ सालीं या मुलांची हुंडी सकारली. तिची मुदत केव्हांच भरली आहे. आतां रक्कम मागण्यास लाजूं नये, आणि दानधर्माच्या चिल्लरीवर समाधानही मानूं नये.