आग छतावर, बंब बैठकीत

भेस्तानच्या रो-हाउस सोसायट्यांमध्ये दिवाळी सरली की रिनोव्हेशनचे वारे सुटतात. पंचवीस-तीस वर्षांची जुनी घरं; सून येते, नातवंडं होतात, जागा पुरत नाही, म्हणून वर एक माळा चढवायचं ठरतं. त्यात गैर काहीच नाही. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. लाखो रुपये घालून घर मोठं होतं, देखणं होतं आणि आधीपेक्षा जास्त तापायला लागतं. मग विजेचं बिल येतं आणि बाईलाच ऐकवतात, "दिवे-पंखे बंद करत जा गं."

आपलं रो-हाउस कसं असतं ते बघा. बारा-पंधरा फूट रुंद, चाळीस-पन्नास फूट खोल, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. त्या भिंतींवर ऊन पडतच नाही. ऊन येतं तीन ठिकाणांहून: पुढून, मागून आणि डोक्यावरून. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त डोक्यावरून. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आपल्यावर ओततो. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो.

आणि पैसे कुठे जातात? पुढच्या एलिव्हेशनला. मोठ्या काचा, चकचकीत पत्रे, बैठकीत पीओपी. छताला छदामसुद्धा नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्यातून मागची मोकळी जागा, जिथे आपण भांडी घासतो, कपडे वाळवतो, तीही झाकून खोली काढतात. स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी गेली. पुढून आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही.

हे भोगतं कोण? नकाशा ठरवणारी मंडळी सकाळी पांडेसऱ्याला, सचिनला कामावर जातात. घरात उरतो आपण आणि म्हातारी माणसं. स्वयंपाकघरात एसी कोणी बसवत नाही; पंखा लावला तर गॅस फडफडतो. आपल्या जैन घरांत चौविहार पाळणारी माणसं असतात, म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यास्ताआधी तयार हवा. मे महिन्यात दुपारी चारला, बाकीचं जग सावली शोधत असताना, आपण शेगडीपुढे. पिण्याचं पाणी उकळायचं ते वेगळंच. नियम आपण आनंदाने पाळतो. पण तो पाळायला भट्टीत उभं राहायला हवं, असं कोणी सांगितलंय?

"एसी घेऊन टाकू," हे तयार उत्तर. दीड टनाचा एसी जोरात चालला की तासाला साधारण दीड युनिट खातो, आणि आतली उष्णता उचलून गल्लीत, समोरच्या बाईच्या खिडकीवर टाकतो. "मग सोलर लावू." जरूर लावा. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण तापलेल्या स्लॅबखाली तीन एसी चालवण्यासाठी सोलर लावणं म्हणजे गळका माठ भरत बसणं. आधी गळती बुजवा.

"पैसा कुठून आणायचा?" असंही विचारतील. धाब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक इकडच्या कडियाला सहज येतं. तेही जमत नसेल तर उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचा हात द्या. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू झाले. २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं काम झालं. पत्र्याच्या घराला जे परवडलं, ते आपल्याला का परवडू नये? आणि ताप्ती लाइनने जळगाव-धुळे-नंदुरबारहून इकडे आलेल्यांना तर हे नवीन नाही. खानदेशातल्या धाब्याच्या घरावर मातीचा जाड थर असायचा आणि भर वैशाखात खाली झोप लागायची.

२०१८ मध्ये केंद्राने 'इको निवास संहिता' आणली. छतातून किती उष्णता आत यावी याचीही मर्यादा तिच्यात आहे. पण ती मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींसाठी. आपल्या जुन्या रो-हाउसचं छत तपासायला कोणी येणार नाही. विचारायचं आपणच.

म्हणून बायांनो, नकाशा काढायला बसतील तेव्हा चहा देऊन आत जाऊ नका. खुर्ची ओढून बसा. जुना पाया आणि सामाईक भिंती नवा माळा पेलतील का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्या, पालिकेची परवानगी काढायला लावा. मग आपलं म्हणणं मांडा. नव्या स्लॅबवर उष्णता अडवणारा थर आणि वर पांढऱ्या टाइल्स, कामाच्या वेळीच. मागची जागा पूर्ण झाकायची नाही. स्वयंपाकघराला उघडणारी खिडकी हवीच. जिन्याच्या केबिनला वर जाळीचा झरोका, म्हणजे घरातली गरम हवा तिथून निघून जाईल. पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा. तिथे मोठी काच नको. जुने ७५ वॉटचे पंखे काढून ३० वॉटच्या आसपासचे बीएलडीसी पंखे. एवढं झाल्यावर एसी किती लागतात ते मोजा.

"तुला काय कळतं बांधकामातलं?" असं कोणी म्हणेलच. त्यांना मे महिन्यात दुपारी चारला आपल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला बोलवा. पंखा बंद ठेवून.